पातेल्याची कावीळ

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आखातातल्या दार्सैतमध्ये एकनाथच्या घराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत कोकणातून आलेले कावीळवाले दाजी मांडी ठोकून बसले होते. बाटलीतला तांबूस रस त्यांनी एकनाथच्या तळव्यांना चोळला, काहीतरी पुटपुटले आणि आपल्या तांब्यातलं नितळ पाणी पातेल्यात ओतून त्यात त्याचे हात धुतले. पाणी बघता बघता हळदीसारखं पिवळं झालं.

“उतरली गं बाई!” कुणीतरी हात जोडले.

“अजून चार दिवस उतरवायची,” दाजी म्हणाले. “तोवर सुई नको. सुई लागली की कावीळ काळजात शिरते. मग धन्वंतरी आला तरी खलास!”

ज्ञानदाचं लक्ष मात्र वडिलांकडे होतं. दाजींच्या उपचाराचा तिसरा दिवस, आणि डोळे कालच्याहून पिवळे. पहाटे त्यांनी विचारलं होतं, “सहमची गाडी आली का?” सहम गावातलं त्यांचं काम तर गेल्या वर्षीच संपलं होतं.

“आई, बाबा बरळताहेत. आत्ता हॉस्पिटलला नेऊ या.”

“गप्प बस!” जयवंती खेकसली. “जंतूंचं कॉलेज सुरू व्हायला अजून वर्ष आहे तुझं. आत्ता नुसतं फाउंडेशन, तयारीचं वर्ष!”

पण त्या फाउंडेशनच्या वर्गात ज्ञानदा एक गोष्ट शिकली होती: प्रयोग आजारी माणसावर केलास, तर निरोगी माणसावरही कर, आणि मग माणसाशिवायही करून बघ.

“दाजी, आता आईचे हात धुवा ना.”

दाजी चपापले, पण सगळे बघत होते. तोच रस चोळून तांब्यातल्या नव्या पाण्यात धुतल्यावर जयवंतीच्या हातांनीही पाणी पिवळं झालं. तिचा चेहरा पडला.

“बघा, घरभर शिरलीय!” दाजींनी संधी साधली. “ताई, तुमचीही उतरवावी लागणार.”

ज्ञानदाने दाजींच्या तांब्यातलं पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतलं. तांब्याच्या तळाशी पांढरा गाळ होता. मग तिने बाटलीतला रस थेट त्या पाण्यात टाकला. हात नाहीत, मंत्र नाही; पाणी पिवळंधमक.

“या पातेल्यालाही कावीळ झाली का, दाजी?”

कुणीतरी फिसकन हसलं. शेजारच्या कौशिकने तांब्यात बोट घातलं. “अरे, हा तर चुना! आणि बाटलीत काय?”

“आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस,” दाजी पुटपुटले. “पण गुण येतो! शेकडो बरे झालेत.”

“ते आपोआप बरे झाले असते,” ज्ञानदा म्हणाली. “विषाणूची कावीळ बहुतेकांचं शरीरच लढून घालवतं. नाव तुमचं होतं. जे बरे झाले नाहीत, ते तुम्हाला सांगायला परत आले का?”

कौशिक गाडी काढायला धावला.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून एवढंच विचारलं, “तीन दिवस कुठे होतात?” एकनाथला आत नेलं. वाचेल का, हे त्यांनी सांगितलं नाही. जयवंती बाकावर बसून तळवे साडीला पुसत राहिली. पिवळं जात नव्हतं.

“तू आधी का नाही बोललीस?”

“बोलले होते, आई.”

कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला हात जोडायच्या आधी एवढंच म्हणा: हाच निरोगी माणसावर करून दाखवा. आणि हे पहिल्याच दिवशी म्हणा.