नंतर फोन करतो

त्या दिवशी सकाळीही नलू आणि तिचे बाबा बळीराम फोनच्या वापरावरून भांडले. घरात स्मार्टफोन एकच. बळीरामचा ऑटो कापूस वेचणाऱ्या बायांना शेतोशेती पोचवायचा, आणि बाया मागणारे सगळे शेतकरी याच नंबरवर बोलायचे. नलूचं बी.ए.चं शेवटचं वर्षही याच फोनवर चाललं होतं. लग्नापायी सुटलेलं कॉलेज तिने माहेरी परतल्यावर ऑनलाइन धरलं होतं. प्रवेश घेताना सांगितलं होतं, घरबसल्या शिका. घरात रेंज नव्हती, म्हणून ती गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीखाली बसून शिकायची.

“बाबा, फोन आला का लेक्चर तुटते. सर इचारतात, नलूताई, वर्गातून गेल्या कुठं?”

“मंग काटून टाकत जाय.”

“लोकं काय म्हनतीन?”

“म्हनतीन, बळीरामले मस्ती आली. काटला का आपोआप चिठ्ठी जाते ना? त्यात लिही, बळीराम कालेजात हाय.”

नलू हसली. “या वयात?”

“मंग? फोन माहा, तं अर्धं कालेज माहंच.”

शेवटी त्या आपोआप जाणाऱ्या मेसेजात तिने लिहिलं, ‘नंतर फोन करतो. बळीराम.’ फोन तिच्या हाती देऊन, बायांना ऑटोत दाटीवाटीने बसवून तो गेला.

दुपारी तास चालू असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. नलूने कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तास संपायच्या आत शेजारची पायल बातमी घेऊन धापा टाकत टाकीपाशी आली. घाटंजीच्या रस्त्यावर बळीरामने ऑटो कडेला घेतला, हँडलवर मान टाकली, आणि ती उचललीच नाही. फोन करत होत्या त्या ऑटोतल्या बाया.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता. नलूने ऐकून घेतलं.

गावात कुणाला सांगावं लागलं नाही. पायलच्या आईने सगळ्यांना कळवलं, बुद्धविहारातली माणसं आली, पुण्यानुमोदनाचा विधी झाला. बाहेरगावचे फोन मात्र थांबेनात. बोंडअळी सगळं खाऊन टाकायच्या आत हाताला लागेल तेवढा कापूस घरी आणायची जो-तो घाई करत होता. नलू फोन कापायची, पलीकडे चिठ्ठी जायची.

“ताई, मेलेल्या मान्साच्या नावानं कायले चिठ्ठ्या धाडून राह्यली?” पायलने विचारलं.

“परीक्षा होऊ दे, मंग सांगतो एकेकाले,” नलू म्हणाली.

तोंडी परीक्षाही ऑनलाइनच होती. कॅमेरा सुरू हवा, मागे माणूस नको, मध्ये संपर्क तुटला तर गैरहजर, असं आधीच कळवलं होतं. नलू टाकीच्या खांबाला टेकून बसली. सरांनी कुटुंबसंस्थेची कार्ये विचारली. तिला सगळं पाठ होतं. ती बोलू लागली, तोच पडद्यावर नाव उमटलं, ‘पंजाबराव, पांढरकवडा.’ अंगठ्याने सवयीने फोन कापला.

लगेच पडद्यावर, सरांच्या कपाळावरच, त्यांच्या मेसेजची ओळ झळकली. ‘कालबी तू नंतर करतो म्हनला म्हनून दुसरा ऑटो नाही सांगतला. बाया नाक्यावर उभ्या हायेत.’

नलूचं वाक्य अर्धंच राहिलं. बळीरामच्या शब्दावर कुणी ताटकळलं असं कधी झालं नव्हतं. आता बाया ताटकळत होत्या, आणि तो शब्द तिने लिहिला होता.

फोन पुन्हा वाजू लागला.

“नलूताई, तो कट करा आणि पुढे बोला,” सर म्हणाले. “संपर्क तुटला तर मला गैरहजर लिहावं लागेल.”

“लिहा, सर,” ती म्हणाली आणि फोन उचलला. सरांचा चेहरा गेला.

“काय रे बळीराम! मेला काय लेका तू?” पंजाबराव खेकसले.

“हो, काका,” नलू म्हणाली. “मी नलू बोलतो, त्याइची पोरगी. बाबा वारले.”