घमेलेबाबांचं काळं पाणी

टोकावड्याच्या एका धाब्यामागे दर गुरुवारी जत्रा भरू लागली होती, आणि त्या जत्रेचा देव होता एक गंजकं लोखंडी घमेलं. त्यामागे बसणाऱ्याला लोक घमेलेबाबा म्हणत. घमेल्यात गरम पाणी, पाण्यात रोग्याचे सुजलेले पाय, वरून चिमूटभर भस्म. बाबा अर्धा तास डोळे मिटून पुटपुटत, आणि पाणी काळंकुट्ट होई.

"हे तुमच्या किडनीतलं विष," बाबा सांगत. "डॉक्टरांचं मशीन रक्त पितं, माझं घमेलं फक्त विष पितं. पाच गुरुवार, मग मशिनीला रामराम."

२००६ सालची ही गोष्ट. लहानीच्या नवऱ्याच्या, म्हणजे कोंडूच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मुरबाडला एका संस्थेनं गरिबांसाठी फुकट डायलिसिस सुरू केलं होतं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास मशीन त्याचं रक्त साफ करून द्यायचं. कोंडू सुयांना कंटाळला होता. 'पाच गुरुवार' त्याला गोड लागले. लहानीलाही लागले, खोटं कशाला सांगा. दुसरा गुरुवार आला तोवर मशीनच्या तीन पाळ्या बुडाल्या होत्या आणि कोंडू बसल्या जागी धापा टाकत होता.

त्या दिवशी संस्थेची नम्रता सिस्टर काखेत वजनकाटा मारून एसटीतून उतरली. लहानीनं पदर तोंडावर ओढला, पण सिस्टर रागावली नाही. ती थेट बाबांपुढे गेली.

"बाबा, आमच्याकडे मशीनवर जाण्याआधी वजन करतात, उतरल्यावर पुन्हा करतात. अंगात साचलेलं पाणी निघालं की दोन-तीन किलो कमी भरतं. तुमच्याकडेही बघू या."

गर्दीपुढे बाबांना नाही म्हणता येईना. कोंडू काट्यावर चढला: साडेएकोणसाठ किलो. अर्धा तास पाय घमेल्यात. पाणी काळं झालं. पाय पुसून पुन्हा काट्यावर: साडेएकोणसाठ.

"विषाला वजन नसतं," बाबा म्हणाले. गर्दीनं माना डोलावल्या. गर्दीला त्यासाठी फारसं कारण लागत नाही.

लहानी मात्र कोंडूच्या पायाची नखं पुसत राहिली. कडेला काळं बसलं होतं, ते निघेना. असा डाग तिच्या ओळखीचा होता. दर साल ती डोंगरातून हिरडा आणायची. ओला हिरडा चिरला की कोयता काळा, बोटं काळी. पुढे आठ दिवस त्याच बोटांनी भाकऱ्या थापायच्या.

ती उठली आणि धाब्यावरच्या रंगूला म्हणाली, "तुझं मुसळ दे गो जरा."

"मुसळ कशाला?"

"त्याला पण बरं नाय वाटत."

लहानीनं घमेलं रिकामं केलं, त्यात नवं गरम पाणी ओतलं, मुसळ उभं केलं आणि बाबांच्या डब्यातल्या भस्माची चिमूट वर टाकली. मंत्राशिवाय केलं तर पाप लागेल, असं म्हणत बाबा उठले, तर भक्तांनीच त्यांना खाली बसवलं. त्यांना आता मजा बघायची होती. पाणी हळूहळू करडं झालं, मग काळं.

"आता काय करू," रंगू म्हणाली, "माझ्या मुसळाच्या पण किडन्या गेल्या."

लोक पोट धरून हसले. लहानी हसली नाही. "हिरड्याची पूड हाय ती. गंजक्या लोखंडाला लागली का पाणी काळं होतं. पायातलं काय नाय त्यात."

हसण्याच्या गडबडीत बाबा कधी सटकले, कोणाला कळलं नाही. घमेलं तेवढं मागे राहिलं.

कोंडूनं खाली मान घालून सिस्टरला विचारलं, "मंग मशीनवर किती येळा यायचं?"

"कायम, कोंडूदादा. मशीन किडनी बरी करत नाही, तिचं काम तेवढं करतं. आणि आज आला नाहीत, तर पुढच्या पाळीपर्यंत तुम्ही टिकाल असं मला वाटत नाही."

लहानीनं कोंडूचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "चला आवो. मी पण हात जोडले, माझी बी चूक झाली. पण तुमाला असं जाऊ द्यायची नाय मी." तिघं मुरबाडच्या जीपमध्ये बसली.

कोंडू त्यानंतर सात वर्षं जगला, सुयांना शिव्या देत, पण एकही पाळी न चुकवता. चटकन सुटका सांगणारा माणूस गोड वाटतो, जन्मभर या म्हणणारी सिस्टर कडू. चमत्कार दिसला तर लोकहो, जरूर बघा. फक्त हात जोडण्याआधी त्याच हातांनी तो एकदा स्वतः करून बघा.