घर नसलेले दार

मित्रांनो, दार म्हटले की त्यामागे घर असणारच, असे तुम्ही धरून चालता. मी एक जुने दार आहे खरे, पण आयुष्याची तब्बल एकतीस वर्षे माझ्यामागे घर नव्हते. माझ्यामागे विंग होती. रंगमंचाच्या कडेची ती अंधारी जागा. तिथे कुणी मिशी चिकटवत असे, कुणी उरलेला चहा घाईघाईने घशात ओतत असे, कुणी भिंतीकडे तोंड करून आपली वाक्ये पुटपुटत असे. मी एका फिरत्या नाटक कंपनीचे दार होते.

मला सुतारकाकांनी घडवले. एका शाळेने टाकून दिलेल्या कपाटाच्या फळ्या त्यांनी उचलून आणल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि हिरवा रंग दिला. चौकटही केली, दोन लाकडी पायांवर एकटी उभी राहणारी. बिजागऱ्या मात्र जोडीच्या मिळाल्या नाहीत. वरची त्या कपाटाची, खालची एका मोडक्या पेटीची. एका घरात नांदणाऱ्या दोन जावांसारखे त्यांचे पहिल्या दिवसापासून जमले नाही. त्यातून माझा उजवा पाय बोटभर आखूड राहिला, म्हणून मी जन्मापासून जरा तिरपे. पहिल्यांदा उघडले तेव्हाच मी ‘कर्रर्र’ केले. सुतारकाकांनी डोके खाजवले. ‘पुढच्या मुक्कामी तेल घालू,’ म्हणाले. तो पुढचा मुक्काम पंचवीस वर्षे आला नाही.

कसली मजेची वर्षे होती ती! प्रयोग संपला की मला चौकटीतून काढून बसच्या टपावर आडवे बांधायचे. टपावरून जितके आभाळ मी पाहिले, तितके कुठल्याही दाराने पाहिले नसेल. मुक्कामी उतरले की माझ्यावर चादर घालून कपड्यांना इस्त्री व्हायची. त्याच चादरीवर मग सगळ्यांची पंगत बसायची. एकदा सुतारकाकांचा पाय मुरगळला, तेव्हा चौघांनी मला खांद्यावर घेऊन त्यांना दवाखान्यात नेले. वाटेत ते माझ्यावर पडल्या पडल्या सांगत होते, “अरे, कड धरा, कड! मधे धरलं तर फळी सुटेल!” पायाचे दुखणे राहिले बाजूला.

कंपनी माईंची होती. माई सगळ्या नाटकांत आई व्हायच्या. खरी मुलगी एकच, तिला सगळे ताई म्हणत. गावोगावची नाट्यगृहे ठरवणे, तालमी घेणे, हरवलेली मिशी शोधणे, सगळे ताईंकडे. ताईंचे यजमानही कंपनीतच नट होते, पण त्यांना सारे जण जावईबुवाच म्हणत. एकदा एका गावात घाईघाईत माझी चौकट उलटी उभी केली गेली. जावईबुवा बाहेरून मला ढकलू लागले, मी हलेना. प्रेक्षक वाट पाहत होते. शेवटी ते चौकटीला वळसा घालून, जिथे भिंत आहे असे सर्वांनी मानले होते तिथून, सरळ आत आले आणि म्हणाले, “दार उघडेना, म्हणून भिंतीतून आलो.” पाच मिनिटे टाळ्या थांबल्या नाहीत.

त्या दिवसापासून माईंनी एक रीत घातली. तिसऱ्या घंटेच्या आधी प्रत्येकाने एकदा माझ्यातून आत यायचे. नटांनीच नव्हे, दिवे लावणाऱ्यानेही. माई खुर्चीवर बसून ऐकत. सगळे म्हणायचे, माईंना दाराची फार काळजी.

आमचे सर्वांत गाजलेले नाटक होते परागंदा झालेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईचे. शेवटच्या अंकात माई माझ्याकडे पाठ करून मटार सोलत बसायच्या. आधी पोस्टमन यायचा, म्हणजे आमचे सुतारकाका. मग शेजारीण, म्हणजे ताई. आणि सर्वांत शेवटी मुलगा, म्हणजे जावईबुवा. मी उघडायचे. माई मान वळवायच्या नाहीत, हातातली शेंग तशीच राहायची, आणि त्या फक्त म्हणायच्या, “आलास?” तेवढ्या एका शब्दावर नाट्यगृहात रुमाल निघायचे. न पाहता मुलाला ओळखणारी आई, अशी त्यांची कीर्ती झाली.

खरे काय ते फक्त मला ठाऊक होते. गेली दोन वर्षे माईंना समोरचे दिसेनासे झाले होते. कडेकडेचे थोडे दिसे, मधले सारे धुरकट. हे त्यांनी मुलीलाही सांगितले नव्हते. मग त्या रंगमंचावर वावरत कशा? माझ्या चौकटीला हात लावून पावले मोजत. माझ्यापासून खुर्ची सहा पावले, खुर्चीपासून खिडकी चार. आणि आत कोण आले ते मी सांगत असे; तिसऱ्या घंटेआधीची ती रीत त्यासाठीच होती. सुतारकाका दोन हिसक्यांत ढकलत, तेव्हा मी ‘कर्र, कर्र’ करायचे. ताई अर्धे उघडून थबकत, म्हणून अर्धेच ‘कर्र’. जावईबुवा सावकाश, एका दमात उघडत, तेव्हा लांबलचक ‘कर्रर्रर्र’.

मित्रांनो, कुणाला आपला उपयोग आहे हे कळण्यासारखे सुख नाही. मी मन लावून कुरकुरत होते.

एकदा एका गावी दुपारचा प्रयोग होता आणि वाटेत बसचे चाक पंक्चर झाले. सगळे झाडाखाली पांगले. माई बसमध्येच डुलकी काढत होत्या. आदल्या गावी पहिल्या रांगेतले एक गृहस्थ सुतारकाकांना म्हणाले होते, “नाटक उत्तम हो, पण ते दार! कानाला त्रास होतो.” ते काकांच्या जिव्हारी लागले होते. हाती रिकामा वेळ मिळताच त्यांनी मला टपावरून उतरवले आणि दोन्ही बिजागऱ्या घासूनपुसून त्यांत तेल सोडले.

“माईंना सांगू नका हं,” ते ड्रायव्हरला डोळा मारत म्हणाले. “खूश होतील एकदम.”

आम्ही पोचलो तेव्हा प्रेक्षक येऊन बसले होते. काकांनी मला उभे केले, आज सगळे चोख करायचे म्हणून उजव्या पायाला खालून पाचरही ठोकून बसवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी सरळ उभे राहिले. दारातून जायची रीत त्या दिवशी घाईत राहूनच गेली.

पहिले दोन अंक पावले मोजून निभावले. शेवटच्या अंकात माई मटार सोलत बसल्या. सुतारकाकांनी मला दोन हिसक्यांत ढकलले. मी लोण्यासारखे उघडले. आवाज नाही! मी जीव तोडून प्रयत्न केला, पण बिजागऱ्यांतून साधा हुंकारही फुटेना. काका उभे. माई सोलताहेत. काका उभेच. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

माई दचकल्या. आपण मधले काही चुकलो, मुलगा येऊन उभा आहे, असे त्यांना वाटले. “आलास?” त्या म्हणाल्या, उठल्या, आणि पोस्टमनच्या गळ्यात पडून रडू लागल्या.

सुतारकाकांना सगळ्या नाटकात एकच वाक्य होते, ‘पत्र आहे.’ ते घामाघूम होऊन म्हणाले, “हो... आलो. पत्र पण आणलंय.”

इकडे विंगेत जावईबुवा माझ्यामागे घुटमळत होते. “अगं, मुलगा तर आला! आता मी कोण म्हणून जाऊ?”

“पोस्टमन म्हणून जा!” ताईंनी खुंटीवरची जादा टोपी त्यांच्या डोक्यावर दाबली आणि त्यांना पुढे लोटले. जावईबुवा आत आले, शून्यात बघत “पत्र आहे” म्हणाले आणि आणखी एक पत्र देऊन निघून गेले. प्रेक्षक आधी हसले, मग का कोण जाणे, रडले, आणि पडदा पडल्यावर उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. पण आमच्यात कुणी हसत नव्हते.

मला काढून रंगपटाच्या भिंतीला टेकवले होते, म्हणून पुढचे सारे मी ऐकले.

“आई, खरं सांग. तुला दिसत नाही ना?”

माई पदराने तोंडावरचा रंग पुसत राहिल्या. “दिसतं की. कडेकडेचं दिसतं.”

“आणि मधलं?”

“मधलं पाठ आहे.”

ताई उसळल्या. “पाठ आहे म्हणे! आज पोस्टमनला मिठी मारलीस, उद्या स्टेजवरून खाली पडशील. डॉक्टर काय म्हणाले? की गेलीच नाहीस?”

“गेले होते. आहे ते राहील, गेलेलं यायचं नाही, म्हणाले.” मग माई हळूच म्हणाल्या, “दार बोललं नाही गं आज. तेवढंच चुकलं.”

सुतारकाकांच्या हातातली हातोडी खाली पडली. “मी तेल घातलं, माई,” ते म्हणाले. “तुम्हाला बरं वाटावं म्हणून...”

पुढचा प्रयोग तीन दिवसांनी होता. ताईंनी ठरवून टाकले, आईचे काम आता त्या स्वतः करणार. माईंनी आपली मटाराची परडी ताईंच्या हातात दिली. मित्रांनो, ती परडी देताना त्यांची बोटे कशी रेंगाळली, ते मी पाहिले.

“तीन दिवस द्या,” सुतारकाका ताईंना म्हणाले. “आवाज मी घालवला, मीच आणतो. आला तर माई, नाही तर तुम्ही.”

“काका, आवाज काय बाजारात मिळतो?”

“तीन दिवस,” काका म्हणाले.

मग सुरू झाला जगावेगळा उद्योग. कुणी माझ्या बिजागऱ्या गरम पाण्याने साबण लावून धुतल्या. कुणी मिठाचे पाणी शिंपडले. कुणी लिंबू चोळले. ओले फडके गुंडाळून मला टपावर उन्हात बांधले. दर मुक्कामाला सगळी कंपनी शिडी लावून वर चढायची आणि गंज आला का ते बघायची. जावईबुवा लिंबू पिळता पिळता म्हणाले, “सासूबाईंसाठी गंज चढवणारा जगातला पहिला जावई मीच!” ताईंना हसू आले, पण त्यांनी ते लपवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या नाट्यगृहात मला उभे केले. बिजागऱ्या छान तांबूस झाल्या होत्या. माई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. काकांनी मला ढकलले.

आवाज नाही.

पुन्हा ढकलले. नाही. ताई रंगपटाकडे निघाल्या. सुतारकाका खाली बसले, माझ्याकडे बघत राहिले आणि वैतागून म्हणाले, “तुला सरळ केलं, हेच माझं चुकलं!” बोलता बोलता ते थांबले. त्यांनी वाकून माझ्या उजव्या पायाखाली पाहिले. पाचर! हातोडीचा एक टोला, आणि पाचर घरंगळत पार प्रेक्षागृहात गेली. मी कलले. माझा सगळा भार वरच्या बिजागरीवर आला. दोन जावा पुन्हा समोरासमोर आल्या.

काकांनी दोन हिसक्यांत ढकलले.

‘कर्र, कर्र.’

“टपाल आहे का काही?” बाकावरून माईंनी विचारले. ते नाटकातले वाक्य होते.

ताई जागच्या जागी वळल्या. त्या माझ्यामागे आल्या आणि मला अर्धे उघडून थबकल्या.

“ये गं शेजारीणबाई. बाहेर का उभी?”

ताई हट्टी होत्या. त्यांनी जावईबुवांच्या कानात काही सांगितले. ते माझ्यामागे आले आणि त्यांनी मला अगदी सुतारकाकांसारखे दोन हिसक्यांत ढकलले. माईंनी कान माझ्याकडे वळवला. मग म्हणाल्या, “जावईबुवा, पोस्टमन व्हायची हौस अजून फिटली नाही वाटतं?”

काय हशा पिकला! ताई हसत होत्या, रडत होत्या, आणि तशाच पुढे जाऊन त्यांनी परडी आईच्या मांडीवर ठेवली. “घे. पण स्टेजच्या कडेला मी दोरी बांधणार.”

“बांध की. मी कुठे नाही म्हणते?”

त्यानंतर माईंनी आणखी पाच वर्षे काम केले. एकदाही पाऊल चुकले नाही, आणि मीही एकदाही गप्प बसले नाही.

आता कंपनी थांबली आहे. ताईंनी छोटेसे घर बांधले, तेव्हा माईंच्या खोलीला नवे दार बघायला सुतारकाकांनी साफ नकार दिला. “दार आहे आपल्याकडे,” म्हणाले. त्यांनी मला मुद्दाम बोटभर तिरपे बसवले. गवंडी म्हणाला, “अहो, चौकट कलली.” काका म्हणाले, “कललीच पाहिजे.” अशा रीतीने म्हातारपणी मला घर मिळाले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची आणि जुन्या माणसांची काळजी जरूर घ्या. झिजले असेल ते जोडा, सुटले असेल ते ठोका. पण तेल घालण्यापूर्वी एकदा विचारा. तुमच्या कानाला टोचणाऱ्या आवाजावर घरातले कुणी तरी विसंबून असेल.

आणि कधी इकडे आलात, तर मला ढकलून आत या. माई खिडकीपाशी मटार सोलत बसलेल्या असतात. पहिल्यांदा त्या विचारतील, “कोण?” नाव सांगा, बसा, चार शेंगा सोलू लागा.

दुसऱ्यांदा याल तेव्हा त्या विचारणार नाहीत.