रिकाम्या गल्ल्याची घंटी

मित्रांनो, मी एक जुना गल्ला आहे. म्हणजे मोबाइल येईपर्यंत तरी होतो. हल्ली माझं मलाच काही कळेनासं झालं आहे.

बटणं, लेस आणि सुई-दोऱ्याच्या या दुकानासाठी एका सुताराने मला घडवलं. माझ्या पोटाखाली त्याने पितळी घंटी बसवली. खण ओढला की ती टिणकन वाजते. "आता तुमच्या नकळत कुणी हात घालून दाखवावा!" असं तो दुकानाच्या मालकांना, म्हणजे काकांना, म्हणाला होता. काका माझे लाड करायचे. गिऱ्हाइकांपुढे घंटी मुद्दाम दोनदा वाजवायचे. पुढे त्यांचे गुडघे गेले. ते मागच्या खोलीत पडून राहू लागले आणि दुकान काकूंनी हाती घेतलं.

मग काउंटरवर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोनी कागद आला. गिऱ्हाईक त्याच्यासमोर मोबाइल धरतं, काकूंचा मोबाइल थरथरतो, की झाला व्यवहार! पैसे कुठून आले नि कुठे गेले, देव जाणे. माझ्यात काहीच पडेना. मला फार वाईट वाटलं. सून तर म्हणालीच, "आई, हे धूड आता भंगारात देऊया. तेवढीच जागा होईल."

पण गंमत अशी, की काही दिवसांनी काकू मला पुन्हा पूर्वीसारख्याच उघडू लागल्या! मोबाइल थरथरला की खण ओढायचा, टिण्ण, आणि रिकामाच ढकलायचा. मी पुरता चक्रावलो. भ्रम काकूंना झाला होता की मला?

त्यात विद्यापीठातली एक ताई आली. दुकानदार मोबाइलवरून पैसे कधी नि का घेऊ लागतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि घंटी वाजली की 'रोख' अशी खूण करू लागली. संध्याकाळी तिने कपाळाला हात लावला.

"काकू, इथे अजून सगळे रोखच देतात? बाकी दुकानांत तर उलटं आहे."

"रोख कुठली गं? जवळजवळ सगळं मोबाइलवरच."

"मग गल्ला सारखा कशाला उघडता?"

काकूंनी मागच्या खोलीकडे पाहून आवाज खाली आणला. "घंटी थांबली तेव्हा यांना वाटलं, दुकान बसलं. स्वतःच्या औषधांचा खर्च नको म्हणून गोळ्याच घेईनात. मोबाइलचं किती समजावलं, पण पटतच नाही त्यांना. मग काय, वाजवते."

इतक्यात आतून काकांची हाक आली, "आज बरीच गर्दी आहे वाटतं!"

"आहे तर! गोळी घेतलीत का?"

"घेतली गं बाई, घेतली."

दारात सून भंगारवाल्याला घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने त्याला हातानेच परत पाठवलं, काउंटरमागे आली आणि माझा खण ओढला. टिण्ण!

मित्रांनो, माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. ज्यात पैसे पडत नाहीत, तो गल्ला कसला? ताईही खूण खोडून बराच वेळ पेन चावत बसली होती. पण जुनी वस्तू टाकण्याआधी घरात विचारून बघा, तिच्याकडे कुणाचे कान लागले आहेत का. आणि माझी घंटी तेवढी पुसत जा. हल्ली तिचा आवाज जरा बसतो, आणि आत कुणीतरी ऐकत असतं.