निर्दोष कागद

“ताई, एक तरी चूक काढा. तुमच्या भिंगातून कुणी सुटत नाही म्हणतात.”

शिलाई मशीनच्या मोटारी परदेशातून मागवणारा व्यापारी बँकेतल्या बाईंच्या टेबलापलीकडे खुर्चीच्या कडेला बसला होता. कस्टमच्या तपासणीत पेट्या उघडल्या, तेव्हा मोटारींऐवजी सिमेंटचे ठोकळे निघाले. त्यातला एक त्यानं फडक्यात गुंडाळून आणला होता.

“भाऊ, बँकेनं हमी दिलीय ती कागदांवर. विकणाऱ्याचे कागद चोख असले की त्याला पैसे द्यावेच लागतात. पेटीत काय आहे ते आम्ही बघत नाही.”

“आणि माझं घर तारण आहे, तेही नाही बघत?”

“कोर्टाचा मनाईहुकूम आणलात तर थांबवता येईल.”

“वकील म्हणतो, आठवडा लागेल.”

“कागद नाकारायची आमची मुदत आज संपते.”

बाईंनी भिंग उचललं. एकतीस वर्षं हेच काम. जहाजाची पावती एक दिवस उशिराची, विम्यावर सही नाही, एवढ्यावरून त्यांनी भल्याभल्यांचे कागद परत पाठवले होते. ‘बाई स्वतःच्या लग्नपत्रिकेतही चूक काढतील,’ असं ऑफिसात म्हणत. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला त्यावरची तारीख चुकली म्हणून त्यांनी दोनदा परत केला होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

चूक सापडावी असं आज त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं. तारखा, नग, वजनं, शिक्के. चार वेळा पाहून झालं. दुपार कलली. सगळं आरशासारखं लख्ख. खरा माल पाठवणारे घाईगडबडीत असतात, त्यांच्या कागदांत काहीतरी राहतंच. त्यांना आपण अडवत आलो. ह्या ठोकळे पाठवणाऱ्याला कसं अडवणार?

“सापडली?”

“नाही, भाऊ.”

त्यानं ठोकळ्यावरचं फडकं पुन्हा नीट आवळलं. मग म्हणाला, “बायकोला सांगून आलोय, बँकेतल्या ताई काहीतरी करतील.” आणि उठून गेला. ठोकळा टेबलावरच राहिला.

बाईंनी पैसे देण्याच्या कागदावर सही केली. नंतर फडकं सोडलं. इतक्या वर्षांत कागदावरचा माल त्या पहिल्यांदाच हातात घेत होत्या. टपालाच्या काट्यापाशी जाऊन त्यांनी ठोकळा त्यावर ठेवला आणि सवयीनं मालाची यादी शेजारी धरली.

तीन किलो दोनशे ग्रॅम. यादीत एका मोटारीचं वजनही तेवढंच होतं.