आई म्हणून पहिल्यांदा

बुटांखाली लोखंडी काटे बांधत होते, तर सासूबाई दारात आडव्या उभ्या.

"चार महिन्यांची पोर घरात, आणि आई निघाली बर्फात! आता शोभतं का हे?"

"नाही शोभत. तरी चाललेय, आई."

उर्शाला खांद्यावर घेऊन माझा नवरा ब्लाझ मागेच होता. त्यानं हात लांबवून दार तेवढं उघडलं.

बाहेर दार्या थंडीनं नाचत होती. शाळेपासूनची मैत्रीण. "मला वाटलं, दुपट्यात तुलाच गुंडाळून ठेवली की काय!"

गोलित्सा डोंगराची वाट बर्फानं बुजली होती. खाली मुकं रान, वर मुकं आभाळ, मध्ये आमचे दोन श्वास. मी पाय टाकत गेले आणि पाय मला ओळखत गेले. कड्यावर मात्र वारा फिरला आणि पान्हा आला. छाती दगड झाली, सदरा भिजला, भिजला तसा कडक झाला.

"परतायचं का गं?" दार्यानं विचारलं. "मी नाही कुणाला सांगणार."

"मी सांगेन ना, स्वतःला. रोज."

आज अर्ध्यातून फिरले असते, तर हे बूट माळ्यावरून पुन्हा खाली आले नसते. मी खडकाआड बसले, हातानं दूध पिळलं. पांढऱ्यावर पांढरं पडलं, वाफाळलं, विरलं. उर्शाच्या वाटणीचं म्हणून डोळे भरले. पुसले आणि उठले.

माथ्यावर विंकोकाका आणि गावातले दोघे म्हातारे दारूची बाटली फिरवत होते. पहिल्यांदा माथा गाठणाऱ्याला दोराचे तीन फटके, हा रिवाज खरा देशातल्या सगळ्यात उंच शिखराचा. आमचे म्हातारे तो कुठल्याही टेकाडावर चालवतात.

काकांनी दोर उलगडला. "ये नेझे, वाक."

"अकरावी खेप आहे माझी, काका."

"आई म्हणून पहिलीच ना? ती जुनी नेझा खालीच राहिली म्हणायची!"

तिघं खो खो हसले. मी नाही हसले.

"ब्लाझ मागच्या रविवारी आला होता. बाप म्हणून त्याचीही पहिलीच. त्याला किती मारलेत?"

काका दोर गुंडाळू लागले. दुसरा म्हातारा पुटपुटला, "त्याला... पाजली आम्ही."

दार्या फिस्सकन हसली.

"म्हणजे बाप झाला की घोट आणि आई झाली की फटके? बरं आहे तुमचं!" मी हात पुढे केला. "दोर इकडे द्या. तुम्हाला परवाच नातू झाला ना, काका? आजोबा म्हणून पहिल्यांदाच आलात. वाका."

काकांनी सोबत्यांकडे पाहिलं. सोबती दोन पावलं मागे सरकले.

काका वाकले. मी मोजून तीन मारले, एकही हळू नाही.