सगळीकडे चालणारं कार्ड

मी सगळीकडे चालणारं कार्ड बोलतोय. विजेच्या गाड्यांना चार्जिंग देणारी कंपनी कुठलीही असो, मला यंत्राला टेकवा, काम फत्ते! माझा तोरा असा, की मला नुसतं पाहून एकदा बंद पडलेलं यंत्रही सुरू झालं होतं. हसू नका, शपथ घ्यायला तयार आहे.

माझ्याआधी दादाकडे प्रत्येक कंपनीचं वेगळं कार्ड असायचं. धाकटी बहीण चिडवायची, "दादा, गाडी चालवतोस की पत्ते पिसतोस?" मी आलो आणि ती सगळी केरात गेली. गाडी दोघांची, मी मात्र कायम दादाच्या खिशात. "तुझ्याकडे दिलं तर हरवशील, छोटे." टेकवलं की खिशात, असा त्याचा हातच बसला होता.

आईला दवाखान्यात हलवल्याचा फोन आला, तेव्हा दोघं परगावी होती. तशीच निघाली. अर्ध्या वाटेत बॅटरी मान टाकू लागली. हमरस्त्यावर यंत्र सापडलं. दादाने वायर जोडली, मला टेकवलं. वायर गाडीला घट्ट बसली. ज्या कार्डाने ती बसते, त्यानेच सुटते.

तेवढ्यात ओळखीचा दूधवाला टेम्पो घेऊन थांबला. जागा एकाचीच.

"तू हो पुढे, दादा. आईला सांग, आलेच म्हणून. भरेल तेवढ्यावर निघते मी."

दादा टेम्पोत चढला. त्याच्या खिशातून मीही.

दवाखान्यात आत फोन बंद ठेवायला लावले. मला सगळं ऐकू येत होतं.

"छोटी कुठंय?"

"येतेय आई, गाडी घेऊन."

थोड्या वेळाने पुन्हा, "आली का रे?"

तिसऱ्यांदा आईने विचारलं नाही.

मिळेल त्या वाहनाने छोटी पोचली, तोवर चादर वरपर्यंत ओढलेली होती. "वायर सुटेना," ती म्हणाली. "किती फोन केले तुला, दादा." दादाचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

गाडी आणायला तो एकटाच गेला. मला टेकवलं, वायर खट्‌कन सुटली. यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली: आपला प्रवास सुखाचा होवो.

आता दोघांकडे दोन नवी कार्डं आहेत, बोलणं नाही. मी ड्रॉवरात पडून असतो. दादा कधीतरी मला बाहेर काढतो, उलटसुलट करतो, परत ठेवतो.

आई विचारत होती, हे त्याने छोटीला सांगितलेलं नाही. हात जोडतो, तुम्हीही सांगू नका.